ताईला पटलं तेव्हा

ताईचा कशावरच पटकन विश्वास बसत नसे, आणि त्याचाच तिला पगार मिळत होता. विमा कंपनीच्या वतीनं जळालेली घरं, दुकानं, गोदामं बघायला जायचं आणि आग लागली की लावली हे ठरवायचं, हे तिचं काम. राखेत काय आहे ते सगळेच बघतात. ताई राखेत काय नाही ते बघायची. घर जळून कोळसा झालंय, भिंतीवर फोटोंचे खिळे तसेच आहेत, पण खिळ्यांखाली काचेचा एक तुकडा सापडत नाही, म्हणजे फोटो आगीच्या आधीच घराबाहेर पडलेत. असं काही दिसलं की तिच्या मनात पाल चुकचुकायची, आणि ती पाल सहसा चुकत नसे.

घरातही तीच तऱ्हा. भाजीवाला हसून बोलला की ही वजनकाट्याकडे बघायची. तिचा नवरा शाळेत संगीत शिकवायचा. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "मी हिला मागणी घातली तेव्हा हिनं पहिला प्रश्न विचारला, का?"

आई-वडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे एक भाऊ. केस पांढरे व्हायला लागले तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. त्याचं छपाईच्या कागदाचं दुकान होतं, पण जीव शेअर बाजारात. दर रविवारी तो ताईला फोन करायचा. गुडघा कसा आहे, भाचीचं कसं चाललंय, हे सगळं विचारून झालं की शेवटी सहज म्हणून विचारायचा, "आणि ताई, त्या पेटीबद्दल तुला काय वाटतं?"

पेटी म्हणजे वीज साठवणारी पेटी. भिंतीला टांगायची, दिवे गेले की तिच्यावर घर चालायचं. ती बनवणाऱ्या कंपनीच्या शेअरनं त्या वर्षी सगळ्यांना वेड लावलं होतं. सुरुवातीला धाकट्यासारखी बाजारातली माणसं तेवढी बोलायची. मग ज्याला त्याला त्यातलं कळायला लागलं. दाताच्या डॉक्टरनं ताईच्या तोंडात नळी, कापूस आणि आरसा कोंबला आणि मग विचारलं, "तुमच्याकडे आहेत की नाही पेटीचे शेअर?" ताईनं नुसतं "आं" केलं. "घ्या," तो म्हणाला, आणि ड्रिल सुरू केलं. त्यानं सकाळचे पेशंट घेणं बंद केलं होतं. सकाळी भाव हलायचा ना.

पुढच्या आठवड्यात ऑफिसातले एक जुने साहेब वारले. ताई भेटायला गेली. बाहेरच्या पॅसेजमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. दोघं-तिघं मान खाली घालून कुजबुजत होते, आणि कान दिल्यावर कळलं की कुजबूज पेटीच्या शेअरच्या भावाची आहे. साहेबांचा मुलगा रडून लाल झालेल्या डोळ्यांनी ताईला म्हणाला, "बाबांची शुद्ध शेवटपर्यंत चांगली होती. काल संध्याकाळीसुद्धा पेटी कितीवर बंद झाली ते विचारत होते." आणि हे सांगताना त्याचा चेहरा क्षणभर उजळला.

घरी येताना ताई नवऱ्याला म्हणाली, "मला ह्या आनंदाचाच संशय येतो. सगळेच घेतायत, सगळेच खूश. मग विकतंय कोण? कोणीतरी विकतच असेल ना ह्यांना?"

"कोणीतरी दुःखी माणूस," नवरा म्हणाला.

"किंवा शहाणा."

धाकट्याचं एक मात्र तिला बरं वाटायचं. बाकी सगळे तिच्या मागे लागायचे, घे म्हणून. धाकटा कधीच म्हणाला नाही. तो फक्त विचारायचा. ती म्हणायची, "मला नाही बाबा पटत." तो म्हणायचा, "बरं," आणि त्या "बरं"मध्ये समाधान असायचं. आपल्या मताला कोणीतरी मान देतंय, असं तिला वाटायचं. स्वतःचे शेअर त्यानं ठेवलेलेच आहेत, हे तिला माहीत होतं. त्याबद्दल तिनं त्याला कधी टोकलं नाही.

मग ती आग लागली. पडदे आणि गाद्यांचं मोठं दुकान होतं. सगळं गेलं, छताचे पत्रे वाकून खाली आले होते, गल्ला वितळला होता. ताई बूट घालून चिखल झालेल्या राखेतून मागच्या भिंतीपर्यंत गेली. तिथे ती पेटी टांगलेली होती. वरचा रंग उडाला होता, एवढंच. दुकानाचा वीजवाला तिच्याबरोबर होता. त्यानं तारा जोडून बघितल्या आणि दिवा लागला. काळ्या भिंती, खाली पाणी, आणि मधे तो एक पिवळा दिवा.

ताई बराच वेळ बघत राहिली. आजवर लोकांच्या तोंडच्या गोष्टी होत्या. हे तिच्या डोळ्यांसमोरचं होतं. अशा आगीत काय टिकतं आणि काय टिकत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? तिला एकदम वाटलं, सगळे उगाच नाचत असले तरी खरं कारण मला सापडलंय. पेटी चांगली होती हे खरंच होतं. पण चांगल्या पेटीसाठी किती मोजायचे हा वेगळा प्रश्न होता, आणि तो त्या दिवशी तिच्या डोक्यातसुद्धा आला नाही.

संध्याकाळी तिनं स्वतःहून धाकट्याला फोन लावला.

"मी घेणार आहे," ती म्हणाली. "पेटीचे."

त्यानं विचारलं, "तुला पटलं?"

"पटलं."

"नक्की? तुला, ताई?"

"अरे, माझ्या डोळ्यांनी बघितलं," म्हणून तिनं आगीची सगळी हकिकत सांगितली. बोलताना तिचा आवाज चढला होता, हे तिच्या नवऱ्याच्याही लक्षात आलं. तो पेटी सोडून... म्हणजे हार्मोनियमची पेटी सोडून तिच्याकडे बघायला लागला.

"मग काय," धाकटा सावकाश म्हणाला. "तुला पटलंय तर बघ."

निवृत्तीसाठी बाजूला टाकलेलं बहुतेक सगळं तिनं त्या शेअरमध्ये घातलं. पुढचे काही दिवस तिला आभाळ ठेंगणं झालं. ऑफिसात चहाच्या वेळी ती आगीची गोष्ट सांगायची. दाताच्या डॉक्टरकडे गेली तर तोंड उघडायच्या आधी तिनंच भाव विचारला. नवरा एकदा म्हणाला, "अगं, तू हल्ली फार हसतेस." तिला त्याचा राग आला.

आणि मग भाव घसरला. आधी थोडा, तेव्हा सगळे म्हणाले, उलट आणखी घ्यायची संधी. मग जास्त, तेव्हा सगळे गप्प झाले. नंतर अशी पडझड सुरू झाली की दाताचा डॉक्टर पुन्हा सकाळचे पेशंट घ्यायला लागला.

धाकटा आता रविवारची वाट बघत नव्हता. रोज फोन. "ताई, जेवलीस का? झोप लागते का?" असं इतक्या मायेनं विचारायचा की तिचे डोळे भरून यायचे. शेवटी हळूच म्हणायचा, "विकून टाकावंसं वाटतंय का गं?" ती म्हणायची, "अजून नाही." तो म्हणायचा, "बरं."

एका दुपारी तिला त्याचीच काळजी वाटली. त्याच्याकडे तर तिच्या कितीतरी पट होते. मला धीर देतोय, पण ह्याला कोण देतंय? असं मनात म्हणत ती न कळवता त्याच्या घरी गेली. दार उघडंच होतं. आत सिमेंटचा वास, आणि दोन माणसं गुडघ्यांवर बसून नवीन फरशी बसवत होती. जुनी फरशी जिन्यात रचून ठेवली होती. भावजय डोक्याला रुमाल बांधून उभी होती.

"या ना, वन्सं. जपून, तिकडे ओलं आहे."

ताई उंबऱ्यातच थांबली. ज्याचं सगळं बुडालंय, तो त्याच आठवड्यात फरशी बदलत नाही. तिच्या कामातली ती जुनी सवय आपोआप जागी झाली. नजर घरभर फिरली. नवे नळ. भिंतींना रंगाचे नमुने फासलेले. ह्या घरात आग लागलेलीच नव्हती.

"धाकट्यानं विकले होते का गं शेअर?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हो तर," भावजय म्हणाली. तिच्या मनात काहीच नव्हतं. "तुमचा फोन आला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळे काढले. मला म्हणाले, ताईला पटलं, आता संपलं. मला काही शेंडा-बुडखा कळला नाही. पण तुम्हालाही बोलले असतील ना?"

"बोलला असेल," ताई म्हणाली. "माझ्याच लक्षात राहिलं नाही."

चहा घेऊन ती पायीच घरी निघाली. इतक्या रविवारांचे फोन तिला एकामागून एक ऐकू यायला लागले. तुला काय वाटतं. तुला पटतं का. तिला वाटायचं भाऊ सल्ला विचारतोय. तो नाडी बघत होता. सगळ्या नात्यागोत्यात सगळ्यात उशिरा विश्वास ठेवणारी बाई कधी विश्वास ठेवते, एवढंच त्याला हवं होतं. आणि आता रोजचा फोन होता तो तिच्या झोपेसाठी नव्हता. ती कधी मोडते हे त्याला बघायचं होतं. ती मोडली की तो परत घेणार होता.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू चुकीचा अर्थ लावत असशील."

"मी आयुष्यभर दुसरं काय केलंय? लावते तो अर्थ बरोबर निघतो."

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा ताई म्हणाली, "विकले. सगळे. मला त्या पेटीचं नावसुद्धा नको." आणि रडली. रडायला तिला कष्ट पडले नाहीत. विकले होते एवढंच खोटं होतं, बाकीचं सगळं खरं होतं.

"बरं केलंस, ताई," धाकटा म्हणाला. "आता शांत झोप."

थोड्याच दिवसांत भावजयीचा फोन आला. फरशीचं काम अर्ध्यावर थांबवलं होतं. ह्यांनी होतं नव्हतं ते सगळं पुन्हा त्या शेअरमध्ये घातलंय, दुकानाच्या नव्या कटिंग मशीनसाठी ठेवलेलंसुद्धा. "तुम्ही जरा बोला त्यांच्याशी," ती म्हणाली. ताई "बघते" म्हणाली आणि बोलली नाही. तिला त्या रात्री छान वाटलं, आणि छान वाटतंय म्हणून थोडी भीतीही वाटली.

पडझड काही थांबली नव्हती. कुठल्याशा गावात एक घर जळलं आणि भिंतीवरच्या काळ्याठिक्कर पेटीचा फोटो सगळीकडे फिरला. पेटीच आग लावते, असं लोक म्हणायला लागले. ज्यांनी रांगा लावून पेट्या घेतल्या होत्या, त्यांनी त्या भिंतींवरून उपटल्या. ताईच्या रस्त्यावर कचऱ्याच्या डब्यांशेजारी पेट्या येऊन पडल्या, तारा लोंबत असलेल्या. शेजारची बाई आपल्या मुलांना त्यांच्या जवळूनही जाऊ देत नसे. "मी तर पहिल्यापासून सांगत होतो," दाताचा डॉक्टर म्हणाला. ह्या वेळीही ताईच्या तोंडात कापूस होता.

त्याच सुमाराला धाकटा तिच्या ऑफिसात आला. आधी कधी आला नव्हता. नुकसानभरपाई मागायला येणारे ज्या खुर्चीवर बसत, तिच्यावर बसला. शर्टाचं बटण चुकीच्या काजात होतं.

"मी उद्या सगळं विकतोय," तो म्हणाला. "जे येईल ते येईल. मला घास गिळवत नाही, ताई. हे शून्यावर जाणार."

"पण तू कधी घेतलेस?"

तो टेबलाकडे बघत राहिला. "मध्यंतरी."

"मी विकले म्हटल्यावर."

त्याचा हात चुकीच्या काजातल्या बटणाकडे गेला.

"मी विकलेच नव्हते," ताई म्हणाली.

त्यानं वर बघितलं. लहानपणी मार बसल्यावर बघायचा तसं. "तू मला खोटं सांगितलंस?"

"हो. आणि तू मला काहीच सांगितलं नाहीस. तुझ्या घरी नवी फरशी बघितली मी."

"मी तुला घे म्हटलं होतं का?"

"नको तरी म्हणालास का?"

"नको म्हटलं असतं तर थांबली असतीस?" त्याचा आवाज फाटला. "आठव तू कशी बोलत होतीस. मला तर तुझा आवाज ओळखू येईना. सगळ्या गोतावळ्यात तू एकटी उरली होतीस. तूही घेतलेस तर मागाहून घेणारं राहिलं कोण? मला तुझं वाईट वाटलं, ताई. खरंच वाटलं. पण भीती जास्त वाटली."

ताईनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. थांबली नसती. त्याच्याशीच भांडली असती. पण ते तिनं त्याला सांगितलं नाही.

"मग आता ऐक," ती म्हणाली. "तुला एवढं घाबरलेलं मी कधी बघितलेलं नाही. बाबा गेले तेव्हाही नाही. तू विकतोयस म्हणजे विकणारंही आता फारसं कोणी उरलेलं नसणार. मी माझे ठेवणार आहे, जमलं तर आणखी घेणार आहे. तू मला सांगितलं नव्हतंस. मी तुला तोंडावर सांगतेय. विकू नकोस."

तो तिच्याकडे टक लावून बघत राहिला. त्या नजरेत तिला स्वतःचीच नजर दिसली. जळालेल्या घराच्या मालकाकडे ती अशीच बघायची.

"हे खरं कशावरून?" तो म्हणाला. "मी अडकून पडावं असं तुला वाटत असेल. वाटणारच."

"तुझ्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता," ताई म्हणाली.

त्यानं दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच सगळं विकलं.

ताईनं मात्र लगेच काही केलं नाही. घाबरलेल्या माणसाचंही कधी कधी बरोबर असतं. आणि आपण भावावर सूड उगवायला तर घेत नाही ना, हीही शंका होतीच. त्या गावातल्या आगीचा तपास दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हेअरनं केला होता. त्याचा निष्कर्ष वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळींत आला: आग इस्त्रीनं लागली होती, पेटी सगळ्यात शेवटी जळली. ती बातमी कोणी वाचली नाही, वाचली त्यांनी मानली नाही. मग ताई नवऱ्याला घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली आणि आधी न विचारलेला प्रश्न ह्या वेळी विचारला: ह्याचे किती मोजायचे? कंपनीचा कारखाना, यंत्रं, हातातल्या ऑर्डरी, डोक्यावरचं कर्ज, सगळं मांडून बघितलं. बाजार ती अख्खी कंपनी कारखान्याच्या नुसत्या जमिनीच्या भावात विकायला बसला होता.

"घे," नवरा म्हणाला. "पण तू हसत नाहीयेस."

"हसत नाही म्हणून तर घेतेय."

तिनं पगारातून थोडे थोडे घेतले. नंतरही भाव बरेच दिवस खालीच जात राहिला. ब्रोकरकडचा माणूस तिच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलायचा. ऑफिसात तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी कीव केली असती. मग कधीतरी पडणं थांबलं. काहीच घडेना. पेटीबद्दल चांगलंही कोणी बोलेना, वाईटही. वर्ष उलटून गेल्यावर भाव हळूहळू चढायला लागला. वेडाच्या दिवसांतला आकडा त्यानं पुन्हा बघितला नाही, पण ताईचं गेलेलं भरून निघालं आणि वर थोडं राहिलं. मग तिनं निम्मे विकले आणि कोणाला विचारलं नाही.

धाकट्यानं दुकान सावरलं. अर्धी जुनी, अर्धी नवी फरशी तशीच राहिली. फोन येत राहिले, पण हवापाण्याचे. तो गुडघा विचारायचा, ती "ठीक आहे" म्हणायची, आणि ठीक आहे म्हणजे नेमकं काय, ह्याचा दोघंही फोन ठेवल्यावर विचार करायचे. तिला कशाचा आनंद झाला तर ती तो त्याच्यापासून लपवायची. हळूहळू घरातही लपवायला लागली. मनापासून बरं वाटलं की तिला आधी धास्ती वाटायची, हे आता कुठून आलं म्हणून.

लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीला दिवस गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात नुसतीच उभी होती. डोळे भरलेले, ओठ दाबून धरलेले. नवरा आत आला, तिच्याकडे बघून म्हणाला, "अगं, ह्यात घ्यायचं-विकायचं काही नाहीये. हस की."

मग ती हसली, आणि हसता हसता तिनं धाकट्याला फोन लावला. आवाज चढला होता, चढू दिला. ऐकून तो तासाभरात भावजयीला घेऊन हजर झाला. सगळ्यांनी मुलीशी फोनवर बोलून घेतलं, बाळाच्या नावांवरून भांडण झालं, संगीतवाल्या आजोबांनी सुचवलेली सगळी नावं एकमतानं रद्द झाली.

निघताना भावजय खाली उतरली. धाकटा दारात बूट घालत होता. वर न बघता त्यानं विचारलं, "त्या दिवशी ऑफिसात तू खरं बोलत होतीस ना?"

"हो."

"मला वाटलं होतं—"

"माहीत आहे मला."

त्यानं नाडी बांधली, उभा राहिला. "पोरीला काही लागलं तर सांग. डॉक्टरकडे न्यायचं असेल, काहीही."

"सांगेन," ताई म्हणाली. तो जिना उतरून जाईपर्यंत तिनं दिवा चालू ठेवला, मग दार लावून घेतलं.